स्लॅबमधली सळई रडारला कुठपर्यंत दिसते?

विलेपार्ल्याच्या एका सोसायटीच्या सचिव असलेल्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांची इमारत १९८४ सालची, तळमजला अधिक चार मजले. स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी गच्चीच्या स्लॅबचं खालून, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या घरांमधून, रडार स्कॅनिंग झालं. दिवस गेल्या सप्टेंबरचे. रिपोर्टात लिहिलं आहे: ‘सळई १० मिमी, अंतर १५० मिमी, कव्हर ४२ मिमी, गंज आढळला नाही.’ या कागदाच्या भरवशावर सोसायटीला दोन कामं करायची आहेत. गच्चीवर सोलर पॅनेल बसवायची आहेत, आणि एका कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं म्हणून तिथे स्लॅबला भोक पाडून ११० मिमीचा पाइप खालच्या डक्टमध्ये उतरवायचा आहे. त्यांचा प्रश्न एवढाच, की हा रिपोर्ट कितपत खरा धरावा?

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. अंतराचा आकडा बहुधा बरोबर आहे. कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीचा, आकडा जवळजवळ नक्की चुकला आहे. व्यासाचा आकडा रडारने दिलेला नाही, तो कुणीतरी अंदाजाने भरला आहे. आणि ‘गंज आढळला नाही’ हे वाक्य नुसत्या रडारच्या जोरावर लिहिताच येत नाही. तेव्हा सोलरचं गणित या आकड्यांवर करू नका, आणि भोकाची जागाही अजून पक्की करू नका. एका ठिकाणी वीतभर स्लॅब फोडून बघितला तर यातलं बहुतेक सगळं मार्गी लागेल, अख्खं स्कॅनिंग पुन्हा करावं लागणार नाही.

या शहरातल्या स्लॅबांवर मी वीसेक वर्षं यंत्रं फिरवतोय. सुरुवातीला कव्हर मीटर, पुढे रडार. रडारवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर भलतं काही खपवलेलं बघवत नाही.

यंत्र दिसायला लहान मुलाच्या खेळण्यातल्या गाडीसारखं असतं: खाली चार चाकं, पोटात अँटेना. चाक किती फिरलं त्यावरून गाडी कुठे पोचली ते कळतं. दर काही मिलिमीटरला अँटेना काँक्रीटमध्ये रेडिओ लहरींचा एक अतिसूक्ष्म ठोका सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकते. काँक्रीटसाठी साधारण दीड ते अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या अँटेना वापरतात. लहर काँक्रीटमधून जाताना जिथे पदार्थ बदलतो तिथे तिचा काही भाग मागे फिरतो, आणि पोलादावर आदळली तर जवळजवळ सगळीच परत येते. गाडी सळईच्या अलीकडे असते तेव्हा लहरीला तिरकं, लांबचं अंतर कापावं लागतं. गाडी बरोबर खाली आली की अंतर सगळ्यात कमी होतं, आणि पुढे गेलं की पुन्हा वाढतं. त्यामुळे पडद्यावर सळईचा ठिपका दिसत नाही, कमान दिसते. त्या कमानीला हायपरबोला म्हणतात. कमानीचा माथा जिथे असतो तिथे सळई असते. गाडी न थांबवता दोन मीटर ओढली की करड्या पट्ट्यांमध्ये एकामागून एक कमानी उमटत जातात, पुलाच्या कमानींसारख्या समान अंतरावर. ते चित्र पहिल्यांदा बघणाऱ्या सभासदांना मी नेहमी पडद्याजवळ बोलावतो. आपल्या डोक्यावरचं लोखंड त्यांनी पूर्वी कधी पाहिलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. रडार मिलिमीटर मोजत नाही, वेळ मोजतं. लहर गेली आणि परत आली, त्याला किती नॅनोसेकंद लागले एवढंच त्याला कळतं. हवेत रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. काँक्रीटमध्ये ती मंदावते, आणि किती मंदावते ते मुख्यतः काँक्रीटमधल्या पाण्यावर ठरतं. कोरडं, जुनं, घट्ट काँक्रीट असेल तर वेग १२ सेंटिमीटरच्या आसपास मिळतो. ओल धरलेलं असेल तर १० वर येतो, कधी त्याच्याही खाली. वेळेचं खोलीत रूपांतर करायला यंत्राला हा वेग कुणीतरी सांगावा लागतो. तो नीट काढून सांगितला तर खोली खरी. यंत्रात आधीपासून भरून आलेला आकडा तसाच ठेवला तर खोली त्या आकड्याइतकीच खरी.

तुमच्या ४२ मिलिमीटरचं गणित मांडून बघू. वेग १२ धरला असेल तर ४२ मिमी जाऊन परत यायला लहरीला ०.७ नॅनोसेकंद लागतात. यंत्राने मोजलेला खरा आकडा हा ०.७. पण स्कॅनिंग सप्टेंबरात झालं, गच्चीवर पाणी तुंबतं असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा चार महिने पाणी प्यायलेल्या त्या स्लॅबमध्ये वेग १० धरणं जास्त रास्त. मग तेच ०.७ नॅनोसेकंद म्हणजे ३५ मिमी. सात मिलिमीटर इथेच उडाले. पुढची गोष्ट, गाडी फिरली ती छताच्या प्लास्टरवरून. जुन्या घरांत छताला प्लास्टर आणि त्यावर पीओपी मिळून १०-१२ मिमी सहज असतं. कव्हर म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठापासून सळईपर्यंतचं अंतर, त्यात प्लास्टर धरत नाहीत. १२ मिमी प्लास्टर वजा केलं की उरले २३ मिमी.

४२ आणि २३. ओल आणि प्लास्टरचे आकडे माझे अंदाज आहेत, तुमच्या छतावर ते थोडे इकडेतिकडे होतील. पण २३ वाचून मला नवल वाटणार नाही, ४२ वाचून लगेच वाटलं. १९८४ सालच्या कामाला आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची १९७८ ची आवृत्ती लागू होती, आणि तिच्यात स्लॅबच्या सळईला किमान कव्हर १५ मिमी होतं. त्या काळात साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सळईखाली सरकवलेले असायचे. तिथे कुणी ४२ मिमी कव्हर देईल हे मनाला पटत नाही. आज लागू असलेल्या २००० च्या आवृत्तीत सौम्य परिस्थितीला २०, मध्यमला ३० आणि तीव्रला ४५ मिमी आहे, आणि समुद्रकाठच्या हवेला उघडं पडलेलं काँक्रीट ती तीव्र गटात धरते. म्हणजे ४२ हा आकडा तुमच्या इमारतीला आजच्या नियमांच्या अगदी जवळ नेऊन बसवतो, आणि २३ तिला तिच्या खऱ्या वयाला आणून सोडतो. छताची दुरुस्ती कधी आणि किती करायची, हे या दोन आकड्यांत पार बदलतं.

वेग काढायच्या पद्धती आहेत. कमानीचा उतार बघून सॉफ्टवेअर वेग काढू शकतं: वेग कमी असेल तर कमान अरुंद आणि उभट दिसते, जास्त असेल तर पसरट. मात्र गाडी सळईला काटकोनात ओढलेली असली पाहिजे. तिरकी ओढली तर कमान आपोआप पसरते, सॉफ्टवेअर वेग जास्त सांगतं आणि पुन्हा खोली फुगते. दुसरा मार्ग स्लॅबच्या जाडीचा. डक्टच्या कडेला टेपने जाडी मोजता येत असेल तर पलीकडच्या पृष्ठावरून आलेल्या प्रतिध्वनीशी ती ताडून बघायची. मधल्या मजल्यांवर हे बरं जमतं. गच्चीवर स्लॅबच्या डोक्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, असतो, आणि काँक्रीट संपून कोबा कुठे सुरू झाला हे रडारला स्पष्ट कळेलच असं नाही. तिसरा मार्ग सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा: फोडून बघा.

व्यासाकडे येतो, कारण सोलरच्या दृष्टीने धोका इथे मोठा आहे. रडारला सळईचा व्यास विश्वासाने सांगता येत नाही. दोन गिगाहर्ट्झची लहर ओल्या काँक्रीटमध्ये सुमारे ५० मिमी लांबीची असते, आणि खोलीतला फरक ओळखायची तिची ताकद साधारण त्याच्या पाव, म्हणजे १२ मिमीच्या आसपास. जिला १२ मिमीचा फरक जेमतेम कळतो ती ८ आणि १० मधला २ मिमीचा फरक कुठून सांगणार? कमान ठळक दिसली म्हणून सळई जाड असं म्हणणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. कमान ठळक दिसते ती सळई जवळ असल्यामुळे किंवा काँक्रीट कोरडं असल्यामुळेही. कव्हर मीटर चुंबकीय तत्त्वावर चालतो, आणि सळया विरळ आणि उथळ असतील तर तो व्यासाचा बरा अंदाज देतो, पण तोही अंदाजच. एक्स-रेने व्यास दिसतो, पण त्याला अणुऊर्जा नियामक परिषदेचे परवाने लागतात, आजूबाजूची जागा रिकामी करावी लागते. भरल्या घरांच्या सोसायटीत ते कुणी करत नाही.

मग २ मिमीने काय एवढं बिघडतं? जुने फिटर अडीच सूत आणि तीन सूत म्हणायचे, तोच हा ८ आणि १० चा फरक. १५० मिमी अंतराने ८ ची सळई असेल तर स्लॅबच्या दर मीटर रुंदीत ३३५ चौरस मिमी पोलाद भरतं. १० ची असेल तर ५२४. दीडपटीहून जास्त. आता गंमत नव्हे, काळजीची गोष्ट बघा. स्लॅबची वाकण्याविरुद्धची ताकद पोलाद गुणिले परिणामी खोली, म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, अशी ढोबळमानाने धरता येते. स्लॅब ११५ मिमी जाड आहे असं समजू. रिपोर्टप्रमाणे परिणामी खोली ११५ उणे ४२ उणे ५, म्हणजे ६८. माझ्या अंदाजाप्रमाणे ११५ उणे २३ उणे ४, म्हणजे ८८. एका चुकीने खोली कमी दाखवली, दुसरीने पोलाद जास्त दाखवलं. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, आणि शेवटी येणारं उत्तर डोळ्यांना खटकत नाही. सळई खरोखर ८ ची निघाली तर कागदावरची ताकद प्रत्यक्षापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त आहे. तपासणाऱ्याला संशय येणार नाही अशी चूक मला सगळ्यात वाईट वाटते.

आणि अजून एक. सळई साधी गोल आहे की पिळाची टॉर, हे रडारला मुळीच कळत नाही. साध्या सळईची ताकद २५० न्यूटन प्रति चौरस मिमी, टॉरची ४१५. तुमची इमारत ज्या काळातली आहे त्या काळात दोन्ही वापरात होत्या, कधी एकाच स्लॅबमध्ये मेन सळई टॉरची आणि तिला आडवी बांधलेली डिस्ट्रिब्युशनची साधी. हा फरक व्यासाच्या फरकाहूनही भारी पडू शकतो.

म्हणून ‘खिडकी’. स्लॅब फोडून बघायच्या जागेला आम्ही खिडकीच म्हणतो. रडारने आधी सळई शोधायची, मग तिच्या बाजूला पेन्सिलीने वीतभर चौकोन आखायचा, कडा ग्राइंडरने उथळ कापून घ्यायच्या आणि छोट्या छिन्नीने हलक्या हाताने उकलत सळईपर्यंत जायचं. ब्रेकर नको, त्याने आजूबाजूचं काँक्रीट सैल होतं. जागा निवडायची ती जिथे सळई दोन्ही दिशांनी दिसतेय अशी, एका घराच्या मधल्या भागात. एक चांगली जागा आणि एक ओल आलेली जागा, अशा दोन खिडक्या असल्या तर उत्तम.

चेंबूरच्या एका इमारतीतली खिडकी आठवते. सळई उघडी पडली, मदतनीस मुलाने लगेच कॅलिपर लावला आणि म्हणाला, साडेदहा. मी त्याला तारेचा ब्रश घ्यायला सांगितलं. गंजाचा थर कांद्याच्या सालीसारखा पापुद्र्यापापुद्र्याने निघत होता, खाली पुठ्ठ्यावर तपकिरी चुरा साठला. पाच मिनिटांनी पुन्हा कॅलिपर लावला तेव्हा सात पूर्णांक काहीतरी भरलं, आणि पिळाच्या कडा अर्ध्या झिजलेल्या दिसल्या. मूळ सळई ८ ची टॉर. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे न घासता मोजलं तर कुजलेली सळई निरोगी सळईपेक्षा जाड भरते. त्याच फुगण्याने खालचं काँक्रीट ढपल्यासारखं सुटतं आणि घरात पडतं.

त्याच खिडकीत बाकीची कामंही उरकतात. काँक्रीटच्या पृष्ठापासून सळईपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा, हे खरं कव्हर. प्लास्टरची जाडी वेगळी लिहा. खिडकीच्या लगत रडारने नोंदलेली वेळ आणि कव्हर अधिक प्लास्टर मिळून होणारं अंतर एकत्र ठेवलं की वेग मिळतो, आणि तोच वेग तेवढ्याच ओलीच्या बाकी छताला लावून जुन्या फाइल्समधले खोलीचे सगळे आकडे पुन्हा काढता येतात. म्हणूनच मी वर म्हटलं की नवं स्कॅनिंग कदाचित लागणार नाही. एजन्सीकडून फक्त छापील रिपोर्ट घेऊ नका, यंत्रातल्या मूळ फाइल्स मागून घ्या. त्या तुमच्या पैशाच्या आहेत. मात्र हा वेग लावायचा तर खिडकीच्या जागी मूळ स्कॅनिंगमध्ये नोंदलेली लहरीची वेळच घ्या, आज कोरड्या दिवसांत नव्याने घेतलेली नको.

खिडकीच्या ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारलं तर जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो, आणि जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते मारलं आहे तिथे रंग येत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण संपलंय असं समजा. आणि उघड्या सळईला तार जोडून हाफ सेलची, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजायची, चाचणीही करता येते. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, असं एएसटीएम सी ८७६ हे अमेरिकी मानक सांगतं.

‘गंज आढळला नाही’ या वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी. रडारला गंज दिसत नाही. ओल आणि क्षार असतील तर लहर वाटेतच शोषली जाते आणि कमानी फिक्या पडतात. खाडीची वाळू नीट न धुता वापरलेली असेल तर हे ठळकपणे दिसतं. एकाच छतावर एका पट्ट्यात कमानी ठसठशीत आणि शेजारच्या पट्ट्यात पुसट दिसल्या तर तो पुसट पट्टा आधी तपासायचा, एवढी मदत रडार करतं आणि ती फार मोलाची आहे. पण कोरडं झालेलं, आतून सुटलेलं छत ठळक कमानी दाखवू शकतं. त्यासाठी अजूनही हातोडीसारखं साधन नाही: छतावर ठोकत जायचं, आणि जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे खडूने गोल करायचा. हे काम लाकडी घोड्यावर उभं राहून मान वर करून करावं लागतं, डोळ्यांत धूळ जाते, म्हणून बरेच जण ते टाळतात.

अंतराचा आकडा बहुधा बरोबर असं मी म्हटलं, कारण रडारची खरी हुकमत तिथे आहे. सळईच्या जागेत चूक झालीच तर ५-१० मिमीची. तरी त्यातही एक खाच आहे जी जुन्या मुंबईच्या स्लॅबांत फार भेटते. त्या काळी मेन सळई एकाआड एक क्रँक करायची पद्धत होती. म्हणजे स्लॅबच्या मध्यात सगळ्या सळया खाली, आणि बीमच्या जवळ येताना एक सोडून एक सळई तिरकी वर चढते. म्हणून मध्यात १५० मिमी अंतर दिसतं आणि बीमपाशी खालच्या थरात ३००. अर्धवट अनुभव असलेला माणूस बीमजवळ एक रेघ ओढतो आणि लोखंड चोरलं असं लिहून मोकळा होतो. एका ठेकेदाराची बदनामी अशाने झालेली मी पाहिली आहे, आणि तो ठेकेदार तेव्हा हयातही नव्हता. नीट स्कॅनिंग करणारा मध्यापासून बीमपर्यंत समांतर रेघा ओढत जातो. मग एकाआड एक कमानीचा माथा रेघेगणिक खोल जाताना स्पष्ट दिसतो. तुमच्या रिपोर्टात १५० हा आकडा कुठल्या जागेचा आहे, बीमच्या कडेपासून किती अंतरावरचा, हे नकाशावर दाखवलेलं असलं पाहिजे. नसेल तर विचारा.

दुसरी खाच दुरुस्तीची. चाळीस वर्षांच्या इमारतीत छताला एकदा तरी पॉलिमर मॉर्टर लागलेलं असतंच, आणि त्याखाली पुष्कळदा चिकन मेश ठोकलेली असते. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपुढे इतकी लहान, की रडारला ती पत्र्यासारखी अडवते. पडद्यावर बारीक खवल्यांसारखी गर्दी उमटते आणि पलीकडे काही नाही. अशा भागात आकडे लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं. तिथे ‘वाचन मिळाले नाही’ असं लिहायचं, आणि कोबा परवानगी देत असेल तर वरून प्रयत्न करायचा.

आता भोक. ११० मिमीचा पाइप न्यायचा तर कोअर, म्हणजे मशीनने कापलेलं गोल भोक, साधारण १२५ मिमीची मारावी लागते. ८ च्या सळया १५० मिमी अंतरावर असतील तर दोन सळयांमधली मोकळी जागा १४२ मिमी. कोअर अगदी मधोमध बसली तरी दोन्ही बाजूंना साडेआठ मिमी उरतात, आणि रडारची स्वतःची चूक तेवढीच असू शकते. म्हणजे सध्याच्या रिपोर्टवरून, किंवा कुठल्याही रिपोर्टवरून, छापील आकड्यांनी जागा ठरवून हे भोक पडणार नाही. कोअर मारायच्या दिवशी त्याच जागी ६०० बाय ६०० मिमीचा चौकोन आखून, ५० मिमीच्या रेघांनी दोन्ही दिशांना स्कॅन करून, सळया छतावर खडूने काढून घ्या. दोन दिशा का, तर अँटेनालाही दिशा असते. तिच्या समांतर असलेली सळई तिला ठळक दिसते, आडवी असलेली फिकी. एकाच दिशेने ओढलं तर एक थर हातचा सुटतो. मग मध्यबिंदूवर आधी बारीक पायलट भोक आरपार मारा, म्हणजे खालची खूण वर गच्चीवर नेता येते. जमत असेल तर एका मोठ्या भोकाऐवजी ७५ चे दोन पाइप घ्यायचा विचार करा. मोकळ्या जागेत ते आरामात बसतात. कोपऱ्यातलं साचणारं पाणी दोघांना मिळून जातं की नाही ते प्लंबरकडून तपासून घ्या. आणि एखादी सळई कापावी लागणारच असेल तर तो निर्णय कोअरवाल्याचा नाही, तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा.

स्लॅबमधून दिव्यांच्या वायरिंगचे पाइपही जातात. पीव्हीसी पाइपमध्ये हवा असते, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी दुबळा असतो आणि लहर उलटी उमटते: सळईच्या कमानीत काळा-पांढरा-काळा क्रम असेल तर इथे पांढरा-काळा-पांढरा. सरावलेल्या डोळ्याला तो ओळखू येतो. जुना लोखंडी पाइप मात्र हुबेहूब सळईसारखा दिसतो. पंखा आणि दिव्याच्या बटणांची जागा बघून अंदाज बांधा आणि कोअर चालू असताना त्या घराचा मेन स्विच बंद ठेवा.

तुमच्या इमारतीला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या तरुण इंजिनिअरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. लोअर परळ, अंधेरी, बीकेसी भागातल्या नव्या ऑफिसांचे बरेच स्लॅब पोस्ट टेन्शनचे, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून धरलेले, आहेत. त्यातली १२.७ मिमीची एक स्ट्रँड, म्हणजे तारांचा पीळ, १८ टनांच्या आसपास ताणाला तुटते, आणि बांधताना तिला त्याच्या मोठ्या हिश्श्याइतकं ताणून ठेवलेलं असतं. अशा एका ऑफिसात स्कॅनिंग मी केलं होतं, जागा आखून दिली होती. रात्री झाडूवाल्याने लादी पुसली, सकाळी कोअरवाल्याने खूण अंदाजाने पुन्हा काढली आणि फूटभर सरकली. त्याच्या मशीनमधून येणारं पाणी दुधट करडं होतं, ते अचानक चमचमायला लागलं, आवाज किरकिरा झाला. त्या माणसाने क्षणात मशीन उचलली. टेंडनच्या, म्हणजे स्ट्रँड असलेल्या ताणलेल्या दोराच्या, म्यानाला घास लागला होता, स्ट्रँड थोडक्यात वाचली. तेव्हापासून मी खुणा खडूने काढतो आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावतो, शिवाय दोन भिंतींपासूनची अंतरं कागदावर लिहून सही घेतो. टेंडन ओळखायचा तर त्याची खोली बघा. साधी सळई एकाच पातळीत जाते, टेंडन कॉलमवर उंच आणि स्पॅनच्या मध्यात खाली असा झुलत जातो. समांतर रेघांमध्ये हा झोका दिसला की तिथे हात लावायचा नाही.

सोलरबद्दल माझ्या अखत्यारीतलं तेवढंच सांगतो. गच्चीच्या कोब्यात अँकर मारायला निघालेल्या माणसाला थांबवा. मुंबईला आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या मानकाप्रमाणे मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, त्यामुळे पॅनेलचं वजन दाबतं त्यापेक्षा वारा त्यांना उचलतो ही काळजी मोठी असते, आणि तो भार स्लॅबच्या मध्यावर न टाकता बीम-कॉलमच्या डोक्यावर न्यायचा असतो. बीम कुठून गेलेत हे खालून दिसतं, वरून नाही. त्यांच्या रेषा गच्चीवर उमटवायला मोजमापं नीट घ्या. खिडकीतून मिळालेला व्यास, सळईची जात आणि खरं कव्हर हे तीन आकडे हातात आल्यावरच तुमच्या कन्सल्टंटला गणित करायला सांगा.

वेळ निवडायची असेल तर फेब्रुवारी ते मे. तेव्हा स्लॅब सुकलेला असतो, लहर खोल जाते, वेग सगळीकडे सारखा मिळतो. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी खाली तीस वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे, तुमची तारीख जवळ असेल तर पावसाआधी उरकून घ्या.

खिडकी बंद करतानाही तेवढंच लक्ष द्या. सळईच्या मागे बोट जाईल एवढं काँक्रीट काढा, ब्रशने घासून धातू चमकेपर्यंत साफ करा, गंजरोधक लेप द्या, तो सुकू द्या, आणि मग बाँडिंग कोट ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर दोन थरांत दाबून भरा. सात दिवस ओला फडका धरायला त्या घरच्या मंडळींना सांगून ठेवा. आणि भरायच्या आधी, सळईवर कॅलिपर लावलेला आणि बाजूला मोजपट्टी धरलेली असा फोटो घ्यायला विसरू नका, फ्लॅट नंबर आणि तारीख त्याच फोटोत दिसेल असा.